छेद: क ते ख

कागदाची एक पट्टी घ्या. वहीचं मागचं पान चालेल.
तिची कड नकाशावर क पासून ख पर्यंत नीट बसवा,
आणि जिथे जिथे तपकिरी रेषा कडेला शिवेल
तिथे बारीक खूण करा, खुणेखाली उंची लिहा.
घाई नको. मोजताना एक रेषा निसटली
की पुढचा सगळा डोंगर वीस मीटरनं खोटा.

दर मे महिन्यात मी हेच सांगतो.
बाहेर पत्र्यावर दहिवर, आत रॉकेलच्या शेगडीचा वास,
खांद्यांवर ब्लँकेटं घेतलेली बत्तीस मुलं
आणि टोक असलेल्या पेन्सिली अकरा.
लेसोथोच्या डोंगरांतल्या या शाळेत नकाशा एकच,
तोही धरणाच्या आधी छापलेला.
नवा मागवलाय, त्याला चार वर्षं झाली.

क म्हणजे आपली शाळा, दोन हजार दोनशे चाळीस.
ख म्हणजे समोरच्या खिंडीतला दगडांचा ढीग.
मधे दरी. दरीत, नकाशाच्या मते,
अजून नदी वाहते, तिच्याकडे पायवाट उतरते,
आणि वाटेला लागून नऊ काळे ठिपके: घरं.

आडवं प्रमाण, एका सेंटिमीटरला पाचशे मीटर.
उभं, एका सेंटिमीटरला शंभर.
म्हणजे डोंगर आहेत त्याच्या पाचपट ताठ दिसणार.
याला उभी अतिशयोक्ती म्हणतात.
भूगोलात तिला माफी आहे,
फक्त किती पट ते खाली लिहावं लागतं.

रेलेबोहिलेनं खुणा आलेखावर उतरवल्या,
ठिपके जोडले. हात न थरथरता, एका दमात.
मग मी सांगितलं, आता दोन हजार साठवर
पट्टीनं एक आडवी रेघ मार, निळी.
तिनं निळी पेन्सिल शेजारच्या मोखेथीकडून मागितली,
रेघ मारली, आणि बराच वेळ
रेघेखालचं काहीच रंगवलं नाही.

संध्याकाळी ती कागद घरी घेऊन गेली.
तिचे आजोबा, न्ताते सेखोबे, रेघेखालच्या नऊ घरांतले.
त्यांनी कागद हातभर लांब धरला, चुलीच्या उजेडाकडे वळवला,
काठ्या नि गुरं मोजणारं बोट
उतारावरून हळूहळू खाली आणलं
आणि तळाशी थांबले.
इथे चुकलीस, म्हणाले.

तळाशी एकोणीसशे ऐंशीची रेषा दोनदा येते,
नदीच्या अलीकडे, नदीच्या पलीकडे.
पोरीनं दोन्ही ठिपके सरळ जोडले होते.
असं सपाट नव्हतं गं, ते म्हणाले,
काठावर घोडा मागच्या पायांवर बसायचा,
मी उतरून लगाम धरायचो, घसरत घसरत पाण्याशी यायचो,
आणि तिथे, या बाजूला, पीचची तीन झाडं.

ती सकाळी आली ती खोडरबर घेऊन.
तळ दीड मिलिमीटर खाली गेला होता.
झाडं काढली नव्हती. छेदात झाडं काढत नाहीत,
हे तिला मीच शिकवलंय.

उत्तरपत्रिका तपासणाऱ्याकडे दरीचा साक्षीदार नसतो.
त्याच्याकडे नमुना उत्तर असतं,
आणि नमुन्यात तळ सपाट असेल
तर ही पोर अर्धा गुण गमावेल.
मी दोन्ही आकृत्या पाहिल्या.
तिला काय सांगितलं ते इथे लिहीत नाही.

सोमवारी मी होडीनं शाळेत येतो.
इंजिन खोकतं, कुणाची तरी कोंबडी पिशवीत कुरकुरते.
पलीकडे पोचायला नऊ मिनिटं, कागदावर जेमतेम दोन सेंटिमीटर,
आणि माझ्या खाली साडेनऊ मिलिमीटर पाणी.
मधोमध आलो की मी सखल मुलखातला माणूस
होडीची कड उगाच घट्ट धरतो,
उतरणाऱ्या घोड्यावर बसल्यासारखी.

नवा नकाशा येईल तेव्हा
इथल्या तपकिरी रेषा गेलेल्या असतील.
सपाट निळा रंग, एकच उंची.
पट्टीवर खुणा कमी करायच्या,
प्रश्न सोपा होईल,
आणि पूर्ण गुण बहुतेक सगळ्यांनाच पडतील.